हेस्टरचा पाव

लॉर्ना ट्रँटरने गोष्ट सुरू केली आणि तिसऱ्या वाक्यालाच मला कळलं की ही बाई चोर आहे.

शुक्रवार होता, संध्याकाळचे पाच वाजले होते. दर शुक्रवारी आम्ही बारा-पंधरा जण आपापल्या घरी टॅब नाहीतर कॉम्प्युटर मांडून बसतो आणि जुन्या चालीरीती, जुन्या गोष्टी एकमेकांना सांगतो. कुणाच्या गावात जानेवारीत सफरचंदाच्या झाडांना सायडर, म्हणजे सफरचंदाचीच दारू, पाजतात, कुणाची आजी मे महिन्याच्या पहिल्या सकाळी गवतावरच्या दवाने तोंड धुवायची, असलं सगळं. बैठक चालवतो डेरिक मॅप. तो आमच्या खोऱ्यात चाळीस वर्षं पोस्टमन होता. कुणाच्या घरात काय चाललंय हे त्याला घरच्यांच्या आधी कळायचं.

बैठकीत खरी जायची ती माझी बायको, एव्हिस. मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत पडायचो. नोव्हेंबरात ती गेली. डिसेंबरातल्या पहिल्या शुक्रवारी पाच वाजले, घरात आवाज नाही, तेव्हा मी तिचा टॅब उघडला आणि तिच्या खुर्चीत बसलो. तेव्हापासून दर शुक्रवारी बसतो. मी सांगत काही नाही. ऐकतो.

बैठकीचे नियम दोनच. ज्याची गोष्ट त्यानेच सांगायची, दुसऱ्याने ती उचलायची नाही. आणि सांगणारा मेला तर त्याची गोष्ट वर्षभर कुणी सांगायची नाही. पबमध्ये जुनी गाणी म्हणणाऱ्यांचा हा नियम होता, डेरिकने तो तिथून आणला.

ट्रँटरबाईंनी दोन्ही नियम एकदम मोडले.

"माझी आजी हेस्टर," त्या म्हणाल्या, "गुड फ्रायडेच्या पहाटे एक पाव जास्तीचा भाजायची. तो खायचा नसायचा. त्यावरचा क्रूस ती सुरीने कापत नसे, दाराच्या किल्लीची पाठ दाबून उठवायची. मग तिच्या ॲप्रनच्या बंदातला दोरा ओढून त्याने तो पाव तुळईला टांगायची. वर्षभर त्याला बुरशी लागत नसे. कुणाचं पोट बिघडलं की थोडा किसून कोमट पाण्यात द्यायची."

गुड फ्रायडेचा पाव टांगणारी घरं पूर्वी पुष्कळ होती. त्यात विशेष काही नाही. पण किल्लीची पाठ आणि ॲप्रनचा दोरा? हे मी आयुष्यात एकाच घरात पाहिलंय. माझ्या. आणि हेस्टर हे एव्हिसच्या आजीचं नाव. या बाईने नावसुद्धा बदलण्याची तसदी घेतली नव्हती.

पुढे गोष्टही तीच. तापाची साथ, बर्फात अडकलेलं गाव, डॉक्टर येऊ शकत नाही. आजीची आजी तुळईवरचा पाव काढते, किसणी घेते आणि दारोदार जाते. एव्हिसने ही गोष्ट याच बैठकीत तीन वर्षांपूर्वी सांगितली होती, भिंतीपलीकडून मी ऐकली होती. फक्त शेवट निराळा. एव्हिसच्या गोष्टीत सगळी घरं झाल्यावर पावाचा मधला घास उरतो, आणि आजी तो गावाबाहेर राहणाऱ्या एका मुलीला देते, जिची चौकशी करायला कुणीच आलेलं नसतं. ट्रँटरबाईंची गोष्ट त्याच्या आधीच संपली. चोराने घाईत उचललेल्या सामानासारखी.

त्यांच्या मागे खिडकीवर एक पाव दोऱ्याला लटकत होता. मी चष्मा पुसून पाहिलं. क्रूस किल्लीचाच होता.

"फार सुंदर," डेरिक म्हणाला आणि खाली पाहू लागला. त्यालाही आठवलं असणार. मिस इन्स्टन म्हणून अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या एक बाई आहेत, त्यांचे ओठ बराच वेळ हलत होते.

"मिस इन्स्टन, आवाज बंद आहे तुमचा," डेरिक म्हणाला.

"मी म्हटलं, ही तर एव्हिसची गोष्ट!"

"ही माझ्या आजीची गोष्ट आहे," ट्रँटरबाई म्हणाल्या. चेहरा जरासुद्धा हलला नाही.

बैठक संपून अर्धा तास झाल्यावर मी डेरिकला फोन लावला.

"कोण आहे ही बाई?"

"वूस्टरची आहे. जानेवारीत आली. निवृत्त नर्स आहे म्हणते."

"म्हणते म्हणजे?"

"अरे, मी काय तिचे कागद तपासतो? गोष्टी सांगायला पासपोर्ट लागतो का?"

"तिने एव्हिसचं ध्वनिमुद्रण ऐकलंय. तू ते सगळ्यांसाठी ठेवलंयस ना?"

"ठेवलंय. पण मर्विन, त्यात ॲप्रनच्या दोऱ्याचा उल्लेख आहे का? मी आत्ता ऐकलं. नाहीये."

हे मला आणखी वाईट वाटलं. ध्वनिमुद्रणात नाही, म्हणजे बाईला दुसरीकडून कळलंय. मी वर पाहिलं. आमच्या स्वयंपाकघराच्या तुळईला एव्हिसचा पाव टांगलेला होता. गेल्या गुड फ्रायडेला तिने भाजलेला, तिच्या हातचा शेवटचा. मला वाटलं, कुणीतरी माझ्या घरात येऊन गेलंय. एव्हिस आजारी असताना नर्स यायच्या. एक ठेंगणी होती, एक लाल केसांची. ट्रँटरबाई यातली कुणी होती का? मी आठवत बसलो. त्या दिवसांत मी कुणाच्याही तोंडाकडे नीट पाहिलेलं नव्हतं.

मी तिच्यासाठी सापळा लावायचं ठरवलं. पुढच्या शुक्रवारी डेरिकने विचारलं, आज कोण सांगणार, तेव्हा मी हात वर केला. सगळे चकित झाले.

"पावाबद्दल एक राहिलंय," मी म्हटलं. "नवा पाव टांगला की जुना पाव उंबऱ्याखाली पुरायचा. एव्हिस तसंच करायची."

हे सगळं खोटं होतं. जुन्या पावाचं एव्हिस काय करायची ते मला माहीत नव्हतं. गुड फ्रायडेला ती पहाटे मला स्वयंपाकघरातून बाहेर काढायची आणि दार लावून घ्यायची. तीन-चार तासांनी दार उघडलं की वर नवा पाव असायचा, जुना दिसायचा नाही. पन्नास वर्षांत मी कधी विचारलं नाही. पण ट्रँटरबाईंना हेही माहीत नसणार. त्या म्हणतील, हो हो, आमच्याकडेही उंबऱ्याखालीच. मग मी त्यांना सगळ्यांसमोर धरणार होतो.

"पुरायचा?" ट्रँटरबाई म्हणाल्या. "कुणी सांगितलं तुम्हाला? जुना पाव किसून नव्याच्या पिठात घालायचा. सगळा. म्हणून तर तो टिकतो. प्रत्येक पावात आदल्या वर्षीचा असतो, त्यात त्याच्या आदल्या वर्षीचा. तसं नसेल तर तो नुसता पाव. जूनमध्ये बुरशी धरतो."

"तुमचा धरतो का?" मी विचारलं.

 मागे वळून त्यांनी आपल्या पावाकडे पाहिलं.

"धरतो," त्या म्हणाल्या. "माझ्या आईने अठ्ठ्याऐंशी साली स्वयंपाकघर नवं केलं आणि जुना पाव कचऱ्यात टाकला. तेव्हापासून आमचा नुसता पाव आहे. मिस्टर हॉचकिस, तुमच्याकडचा कसा आहे? त्याला बुरशी नाही ना?"

"नाही."

"अजून तुळईलाच आहे?"

मी टॅब बंद केला.

आता तिचा डाव मला दिसला. बाईला गोष्ट नको होती, पाव हवा होता. दुसऱ्या दिवशी डेरिक स्वतः आला. सायकल भिंतीला टेकवत म्हणाला, "ट्रँटरबाईंचा निरोप आहे. गुड फ्रायडेच्या आधी तुझ्या पावाचा एक तुकडा मिळेल का, विचारतायत. पोस्टाचा खर्च त्या देतील."

"तिला सांग, घर शोधून काढलंस तर कुत्रा सोडीन."

"तुझ्याकडे कुत्रा कुठाय?"

"आणीन."

डेरिक आत आला, बसला. वर पाहून म्हणाला, "हा एवढा चमकतोय कशाने?"

आणि तेव्हाच मला आठवलं, मी त्याचं काय केलं होतं.

मी सुतार माणूस. लाकडाला कीड लागू नये म्हणून काय करतात ते मला माहीत आहे. डिसेंबरात मला वाटलं, एव्हिसच्या हातचा हा शेवटचा, याला काही होता कामा नये. मी तो खाली काढला, बोटींना लावतात ते वॉर्निश आणलं आणि त्याला तीन हात मारले. मधे बारीक पॉलिशपेपर फिरवला. दोन दिवस वाळवला. काम इतकं चांगलं झालं होतं की मला त्या आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं होतं.

"वॉर्निश," मी म्हटलं.

डेरिकने माझ्याकडे पाहिलं. मग पावाकडे. हसू आवरायला त्याने तोंडावर हात धरला, मग माझा चेहरा पाहून तो हात खाली घेतला.

"म्हणजे आता तो किसून..."

"हो."

"बाई खरं बोलत असली तर."

"खोटं बोलतेय ती," मी म्हटलं.

तो गेल्यावर मी माझी मुलगी थिया हिला लीड्सला फोन केला. ती वकिलाच्या ऑफिसात काम करते. म्हटलं, अशा बाईला नोटीस पाठवता येते का, आईच्या आजीची गोष्ट आणि नाव चोरलंय तिने. 

"ऐकतेयस ना?"

"डॅड, ती बाई काय म्हणाली, तिची आजी कुठे राहायची?"

"तिने काही सांगितलं नाही. का?"

"तिला विचार, फर्नी बँकमध्ये स्वयंपाकाला होती का."

"फर्नी बँक म्हणजे काय?"

 ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "मुलींचं घर होतं. अनाथ मुलींचं. लडलोच्या पलीकडे. मम् तिथे वाढली. मला हॉस्पिटलमध्ये सांगितलं तिने, शेवटच्या आठवड्यात. तुला सांगू नको म्हणाली."

"तिला तिच्या आजीने वाढवलं."

"आजी नव्हती, डॅड. कुणीच नव्हतं. हेस्टर तिथली स्वयंपाकीण होती."

फोन कानाला तसाच होता. मला आमच्या जुन्या घरातलं टेबल आठवलं. सत्तर साल. मी एव्हिसला पहिल्यांदा चहाला घरी आणलं होतं. माझी आई केक कापता कापता म्हणाली, "आणि तुझी माणसं कोण गं?" आईच्या मते जगात दोन जाती होत्या, ज्यांची माणसं तिला माहीत आहेत ते आणि बाकीचे. एव्हिस म्हणाली, "मला आजीने वाढवलं. हेस्टर आजीने. ती गेली मागच्या वर्षी." आई म्हणाली, "अरेरे," आणि तिला केकचा मोठा तुकडा दिला. तेवढंच. मी शेजारी बसलो होतो. लग्नानंतर पहिल्या गुड फ्रायडेला तिने पाव टांगला आणि हेस्टर आजीची गोष्ट सांगितली. नंतर मला कधी शंका आली नाही. आजीची कबर कुठे आहे हेसुद्धा मी विचारलं नाही. आता विचार करतो तर एवढ्या वर्षांत आजीचा एक फोटो नाही, एक बशी नाही, एक पत्र नाही. पाव होता फक्त.

"आणि तिने मला का नाही सांगितलं?" मी शेवटी विचारलं.

"आधी आजीमुळे. म्हणजे तुझ्या आईमुळे. मग फार उशीर झाला म्हणाली."

त्या आठवड्यात मी माझ्या बायकोवर संशय घेतला. हे सांगायला मला आवडत नाही, पण घेतला. आजी खोटी, मग आणखी काय काय? तिची कपाटं उघडली, डबे उघडले, पाकिटं पाहिली. शिवणाच्या डब्यात बटणं होती. गाद्यांखाली काही नव्हतं. माझी जुनी पत्रं होती, रिबन बांधलेली, आणि त्यांत मी लाकडाचे भाव सोडून काही लिहिलेलं नव्हतं. गुरुवारपर्यंत शोधलं, मग थांबलो. शोधायला काही उरलं नव्हतं आणि मला माझीच लाज वाटायला लागली होती.

एक सोपा मार्ग होता. डेरिकला सांगायचं, पाव उंदरांनी खाल्ला. डेरिक माझ्यासाठी खोटं बोलला असता. ट्रँटरबाईंकडे पुरावा काही नव्हता. एव्हिसची आजी एव्हिसचीच राहिली असती आणि पाव माझा. हे माझ्या मनात दोन दिवस होतं.

शुक्रवारी, गुड फ्रायडेला एक आठवडा राहिला असताना, पाच वाजता मी टॅब उघडला. स्वयंपाकाच्या टेबलाला माझा सुतारकामाचा शिकंजा लावलेला होता. त्यात फडक्यात गुंडाळलेला पाव, शेजारी बारीक दातांची करवत.

"हे काय?" डेरिकने विचारलं.

"आधी ट्रँटरबाईंना एक विचारायचंय. तुमची आजी फर्नी बँकमध्ये होती?"

त्यांचे डोळे बारीक झाले. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"होती की नाही?"

"एकतीस वर्षं. तुमच्या बायकोचं त्या घराशी काय?"

"ती तिथे होती. चार वर्षांची असल्यापासून सोळाची होईपर्यंत. आजी तिची नव्हती. तुमची होती. तिने घेतली."

 मिस इन्स्टननी चष्मा काढला.

"आता मला सगळं कळलं," ट्रँटरबाई हळू म्हणाल्या. "घर सोडून जाणाऱ्या प्रत्येक मुलीला आजी एक पाव द्यायची, कागदात बांधून. टांगून ठेव म्हणून सांगायची. बहुतेकींनी तो गाडीतच खाल्ला असेल. सोळा वर्षांच्या पोरी. भूक लागते." मग एकदम त्यांचा आवाज बदलला. "पण हे तुम्ही मला का सांगताय? मागच्या आठवड्यात कुत्रा सोडणार होतात."

"डेरिक!" मी म्हटलं.

"मी निरोप जसाच्या तसा देतो," डेरिक म्हणाला. "सवय आहे."

मी फडकं बाजूला केलं. पाव दिव्याच्या उजेडात चमकला. ट्रँटरबाई पडद्याच्या इतक्या जवळ आल्या की त्यांचं फक्त कपाळ दिसायला लागलं.

"हे काय लावलंय त्याला?"

"वॉर्निश."

"वॉर्निश!"

"बोटीचं. तीन हात."

"मुद्दाम केलंत. मला मिळू नये म्हणून."

"डिसेंबरात केलंय, बाई. तेव्हा तुम्ही माझ्यासाठी जन्मालाही आला नव्हतात. मला काय माहीत तो किसायचा असतो! टिकावा म्हणून केलं."

"टिकणारच होता तो! तेच तर त्याचं काम!"

 त्या मागे सरकून बसल्या. मग म्हणाल्या, "एक गोष्ट मला खटकत होती. मी तिचं ध्वनिमुद्रण ऐकलं ना, गेल्या वर्षी, त्यात शेवटी ती मुलगी आहे. गावाबाहेरची. आमच्या गोष्टीत ती नाही. कधीच नव्हती. मला वाटलं, चोरलेली ओळखू येऊ नये म्हणून हिने शेपूट जोडलंय."

 मला इतकी वर्षं ती गोष्ट पाठ होती, पण ती मुलगी कोण असेल हे मी कधी विचारलं नव्हतं.

मी करवत उचलली.

"थांबा," ट्रँटरबाई म्हणाल्या. "तिच्या हातचा शेवटचा आहे ना तो?"

"हो."

"मग राहू दे. मी नुसत्या पावावर पस्तीस वर्षं काढलीत."

"आता मी ऐकणार नाही, बाई," मी म्हटलं आणि करवत लावली.

वर्षभर वाळलेला पाव म्हणजे लाकूडच. पण लाकडाला रेषा असतात, याला नव्हत्या, त्यामुळे कुठून फुटेल सांगता येईना. मी सावकाश कापत गेलो. भुसा खाली कागदावर पडत होता. टॅबमधल्या एकाच्या मागे कुठेतरी रेडिओ चालू होता तो त्याने उठून बंद केला. दोन तुकडे वेगळे झाले. कडेने नखाएवढी पिवळी पट्टी होती, वॉर्निश तिथपर्यंत मुरलं होतं. त्याच्या आत पांढरा, कोरडा, शहाजिऱ्याचे काळे ठिपके असलेला पाव होता. स्वच्छ.

"दाखवा," ट्रँटरबाई म्हणाल्या. मी दाखवला. "वास घ्या."

"शहाजिऱ्याचा येतोय."

"वॉर्निशचा?"

"कडेला. मधे नाही."

"खाऊन बघा."

"काय?"

"मधला कण. माझ्यासमोर. मी लोकांना हे द्यायचं आणि ते विषाने मरायचे, असं नको. मी नर्स होते."

मी सुरीच्या टोकाने एक कण काढून जिभेवर ठेवला.

"मर्विन," डेरिक म्हणाला, "तू मेलास तर तुझी गोष्ट मी वर्षभर कुणाला सांगणार नाही. शब्द देतो."

मिस इन्स्टन हसल्या, त्यांचा आवाज नेमका चालू होता. मला चव लागली ती धुळीची आणि शहाजिऱ्याची, आणि मग थोड्या वेळाने गोडसर.

"बरं आहे," मी म्हटलं.

"पोस्टाने पाठवू नका," ट्रँटरबाई म्हणाल्या. "तुम्ही दुसराच पाव पाठवलात तर मला कसं कळणार? मी येते."

गुड फ्रायडेला सकाळी सहा वाजता त्यांची गाडी दारात उभी राहिली. टॅबमध्ये वाटत होत्या त्याहून त्या बऱ्याच उंच निघाल्या. त्यांनी हात मिळवला, पण नजर माझ्या खांद्यावरून आत तुळईकडे गेली.

"कुठाय?"

"टेबलावर. डब्यात."

त्यांनी डबा उघडला, दोन्ही अर्धे एकमेकांना जुळवून पाहिले, मगच कोट काढला. पीठ त्यांनी घरून आणलं होतं. किसणीही.

"माझ्या किसणीवर भरवसा नाही?" मी विचारलं.

"तिच्यावर तुम्ही काय काय किसता मला काय माहीत! जो माणूस पावाला वॉर्निश लावतो."

मी त्यांच्या हातांकडे लक्ष ठेवून होतो. एखादा तुकडा खिशात घालतील असं मला अजूनही वाटत होतं. त्या माझ्याकडे लक्ष ठेवून होत्या, तेही मला दिसत होतं. पिवळी कड त्यांनी सुरीने काढून वेगळी ठेवली. मग हात धुतले, बाह्या वर केल्या आणि स्वयंपाकघरभर पाहिलं.

"ती कुठे उभी राहायची?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "आजच्या दिवशी ती मला बाहेर काढायची. दार लावून घ्यायची."

ट्रँटरबाईंचा हात पिठाच्या पिशवीवर थांबला.

"आजीपण," त्या म्हणाल्या. "आम्ही नाती दरवर्षी या दिवशी तिच्याकडे फर्नी बँकला जायचो. सगळ्यांना बाहेर. थंडीत, अंगणात. आत फक्त त्या अनाथ मुलींमधली एक असायची. दरवर्षी तीच. मी विचारायचे, तिला का, मला का नाही? मी तर तुझी आहे ना? आजी म्हणायची, म्हणूनच." त्यांनी पिशवी फाडली, पीठ भांड्यात ओतलं. "सहा वर्षांची होते मी. खिडकीतून तिची फक्त वेणी दिसायची. फार राग यायचा मला तिचा."

"वेणी कसल्या रंगाची?"

"तुम्ही सांगा."

"तांबूस," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, हो म्हणून की नुसतीच, कळलं नाही. नाक पुसलं, मनगटाने, कारण हाताला पीठ होतं. मग मला वाटलं, त्यांना आता एकटीला राहायचं असेल, आणि तशी रीतही होती. मी दाराकडे निघालो.

"तुम्ही कुठे चाललात?" त्या मागून ओरडल्या. "पाणी कोमट कोण करणार? आणि ते दार लावा, गार वारा आला की पीठ फुगत नाही."

मी दार आतून लावलं आणि किटली ठेवली. शहाजिरं किती घालायचं ते मात्र त्यांनी माझ्याकडे पाठ करून घातलं. विचारलं तर म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघू.